उघडे वचन, झाकलेले काम: इंटरफेस आणि ॲक्सेस या विषयाची प्रस्तावना

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या पाठ्यपुस्तकांत ॲक्सेस मॉडिफायरच्या वाट्याला बहुधा एकच पान येते आणि त्या पानावर एक तक्ता असतो. पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट. समोर होय-नाहीच्या खुणा. इंटरफेस पुढच्या कुठल्या तरी प्रकरणात येतो. परीक्षेत दोघांवर वेगवेगळे प्रश्न पडतात, त्यामुळे दोन्ही प्रकरणांची गाठ पडते ती थेट कंपायलरच्या एररमध्ये. या पुस्तकाचा विषय म्हणजे हीच गाठ. एखादा क्लास इंटरफेस इंप्लिमेंट करतो, तेव्हा त्यातल्या मेथड किती उघड्या असाव्यात हे ठरवायचे कोणी? क्लासने, इंटरफेसने, की ज्या नावाने आपण ती वस्तू हातात धरली त्या नावाने? जावाने याचे एक उत्तर दिले, सी शार्पने दुसरे, आणि आयफेलने तिसरे देऊन त्याची किंमत मोजली.

हे लिहिताना डोळ्यांसमोर होता तो परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा ठिकाणी बीसीए किंवा बीएस्सी करणारा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा अभ्यासक्रम हाती पडताच सगळे इंग्रजीत समजून घ्यावे लागणारा. कीवर्ड आणि एरर मी मूळ नावांनीच ठेवले आहेत, कारण कंपायलर त्याच शब्दांत बोलतो. विचार मात्र मराठीत केला आहे. पुण्याला जाऊन क्लास लावल्याखेरीज असले विषय उमजत नाहीत, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. या विषयाला लागतो तो एक साधा संगणक, एक फुकट मिळणारा कंपायलर आणि 'असे का?' हे विचारण्याचा हट्ट. तेवढे असेल तर या, बसा.

उदाहरण जवळचेच घेऊ. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या प्रत्येक गावाच्या प्रत्येक गट नंबरची नोंद महसूल खात्याकडे आहे. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो दोन गाव नमुन्यांचा जोड. नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, बोजा कोणाचा. नमुना 12 मध्ये त्या जमिनीत काय पेरले ते. या दोघांच्या मागे उभा असतो नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदीखत झाले, वारस लागले, वाटणी झाली की बदल आधी तिथे उतरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 150 प्रमाणे ही नोंद तलाठी घेतो (त्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे), हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत सरते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तलाठ्याला नोंद घेता येते, प्रमाणित करता येत नाही. खातेदाराला यातले काहीच करता येत नाही. उतारा मात्र तो केव्हाही पाहू शकतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या रानातले सोयाबीन, तूर, कापूस मोबाईलवरून नोंदवायचे काम खातेदाराच्या हाती आले. नमुना 12 चा एक भाग त्याला उघडा झाला, नमुना 7 बंदच राहिला.

आता हे प्रोग्रामरच्या नजरेने बघा. वस्तू एकच, गट नंबरची नोंद. तिच्यावर चार इंटरफेस कल्पा. 'उतारा' मध्ये 'दाखवा' ही एकच मेथड, 'पीकनोंद' मध्ये 'पेराभरा', 'फेरफार' मध्ये 'नोंदघ्या' आणि 'प्रमाणन' मध्ये 'मंजूरकरा'. एकच क्लास चारही इंप्लिमेंट करतो. राज्याच्या खऱ्या प्रणालीचा कोड असाच आहे असा माझा दावा नाही. विचार करायला हा नमुना सोयीचा पडतो, इतकेच. ज्याच्या हाती ही वस्तू 'उतारा' म्हणून आली, त्याला 'मंजूरकरा' दिसतच नाही. मेथड वस्तूत आहे, पण त्याच्या नजरेत नाही.

पुस्तकाचे मुख्य म्हणणे इथेच सांगून टाकतो. ॲक्सेस हा मेथडला चिकटवलेला गुण आहे, असे आपण शिकतो. एकट्या क्लासपुरते ते खरेही असते. इंटरफेस मध्ये आला की ॲक्सेस हा वस्तू आणि तिच्याकडे बघणारा यांच्यातला संबंध होतो. एकाच मेथडला एका नावाने हाक मारता येते, दुसऱ्या नावाने येत नाही. भाषाभाषांतले मतभेद मुळात एवढ्यावरूनच आहेत: हा संबंध कोणी ठरवायचा, आणि वस्तूचे म्हणणे व बघणाऱ्याचे म्हणणे जुळले नाही तर कोणाचे खरे मानायचे.

जमिनीच्या नोंदीचे उदाहरण मराठवाड्यात आणखी एका कारणाने चपखल बसते. 1956 पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. जुन्या हक्काचा पुरावा काढायचा झाला की इकडची माणसे आजही सेतवार आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक हुडकत कचेऱ्या पालथ्या घालतात. पुढे संहिता आली, नमुने बदलले, कागद संगणकात गेला. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि वसमत-कळमनुरीच्या शेतकऱ्यांची जिल्हा कचेरीच बदलली. विचारायचा प्रश्न मात्र तोच राहिला, की ही जमीन कोणाच्या नावावर? प्रश्न कायम ठेवून उत्तर काढण्याची रीत बदलता यावी यासाठी इंटरफेस असतो, आणि ती बिनधास्त बदलता यावी म्हणून रीत झाकून ठेवायची असते.

झाकण्याचा हा विचार ज्या लेखामुळे सर्वदूर रुजला तो डिसेंबर 1972 चा. आपल्याकडे ते साल दुष्काळाचे म्हणून लक्षात आहे. परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच वर्षी 18 मे ला सुरू झाले. डेव्हिड पार्नास तेव्हा अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात होते. त्यांनी एक छोटासा प्रोग्राम घेतला: ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून तिची सगळी रूपे तयार करायची आणि ती अक्षरक्रमाने लावायची. हा प्रोग्राम त्यांनी दोन रीतींनी तोडून दाखवला. पहिल्या रीतीत कामाची एकेक पायरी म्हणजे एकेक भाग. दुसऱ्या रीतीत, जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे तो एका भागात कोंडायचा आणि बाहेर कळू द्यायचा नाही. ओळी मेमरीत कशा साठवायच्या हे बदलायचे ठरले, तर पहिल्या रीतीत जवळपास सगळे भाग उघडावे लागत; दुसऱ्या रीतीत एकाने भागे. त्या लेखात क्लास नाही, पब्लिक-प्रायव्हेट नाही. तरी या विषयाचा पाया तोच, आणि तो वाचायला आजही जड जात नाही.

गंमत म्हणजे क्लास त्याच्या आधीच जन्मला होता. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर्ड यांनी सिम्युला 67 मध्ये तो दिला, पण सुरुवातीला त्याला पडदा नव्हता. आतले सगळे बाहेरून दिसे. हिडन आणि प्रोटेक्टेड तिथे मागाहून आले. स्मॉलटॉकने सरळ वाटणी केली: वस्तूची व्हेरिएबल सगळी बंद, मेथड सगळ्या उघड्या, मधले काही नाही. मधल्या पायऱ्या लोकप्रिय केल्या सी प्लस प्लसने, आणि त्यातल्या प्रोटेक्टेडची हकीकत बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. स्टॅनफर्डच्या मार्क लिंटन यांनी गळ घातली, की वारस क्लासना दिसेल पण जगाला दिसणार नाही अशी तिसरी पातळी हवी, ती 1.2 या आवृत्तीत आली. काही वर्षांनी त्याच लिंटन यांनी आपल्या इंटरव्ह्यूज या प्रकल्पात प्रोटेक्टेड डेटा वापरायला बंदी घातली, कारण चुका तिथूनच निघू लागल्या होत्या. मागणी करणाऱ्यानेच मागितलेली गोष्ट वापरायला मनाई करावी, यापेक्षा बोलका पुरावा या क्षेत्रात मला दुसरा सापडलेला नाही.

इंटरफेस हा स्वतंत्र कीवर्ड सर्वसाधारण प्रोग्रामरच्या हाती आला तो जावामुळे. जावा 1.0 जानेवारी 1996 ची, आणि ही कल्पना तिने ऑब्जेक्टिव्ह-सीच्या प्रोटोकॉलवरून उचललेली. तिचा निर्णय कडक आहे. इंटरफेसमध्ये नुसती घोषणा केलेली मेथड पब्लिकच असते, तुम्ही तसे लिहा वा न लिहा. क्लासमध्ये तीच मेथड उतरवताना मात्र पब्लिक हा शब्द आपण लिहायचा. राहून गेला तर क्लासचा नियम लागू होतो, मेथड पॅकेजपुरती उरते आणि कंपायलर बजावतो की तुम्ही 'वीकर ॲक्सेस प्रिव्हिलेजेस' देऊ पाहता आहात, मूळ पब्लिक होते. शब्द न लिहिण्याचा अर्थ इंटरफेसमध्ये एक आणि क्लासमध्ये दुसरा. नवा विद्यार्थी इथे हटकून अडखळतो आणि त्यात त्याचा काही दोष नाही. भाषा आखणाऱ्यांनी दोन ठिकाणी दोन सोयी पाहिल्या, त्याचे हे देणे आहे.

नियम स्वतः मात्र भक्कम आहे. ओव्हरराइड करताना ॲक्सेस वाढवता येतो, घटवता येत नाही. कारण असे: 'उतारा' या नावाने हजार वस्तूंची यादी हाती आहे आणि मला प्रत्येकीला 'दाखवा' म्हणायचे आहे. त्यांतली प्रत्येक प्रत्यक्षात कोणत्या क्लासची आहे हे कंपायलरला ठाऊक नसते, त्याला ठाऊक असते ते फक्त इंटरफेसचे वचन. एखाद्या क्लासने गुपचूप 'दाखवा' बंद केली, तर एकतर ते वचन खोटे ठरते किंवा ती बंदी तरी. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 च्या आपल्या भाषणात आणि पुढे जेनेट विंग यांच्यासह 1994 च्या निबंधात मांडलेले तत्त्व याहून कितीतरी खोल आहे. मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तरी मूळ प्रकारावर विसंबलेला प्रोग्राम फसता कामा नये, असे ते सांगते. ॲक्सेसचा नियम ही त्या तत्त्वाची सर्वांत खालची पायरी. जिथे मेथडला हाकच मारता येत नाही, तिथे ती नीट वागते की नाही हे विचारायचे कोणाला?

ही पायरी जावाच्या स्वतःच्या घरात चुकलेली आहे. 'क्लोनेबल' हा इंटरफेस पूर्ण रिकामा आहे आणि 'क्लोन' ही मेथड ऑब्जेक्ट क्लासमध्ये प्रोटेक्टेड आहे. परिणामी 'क्लोनेबल' म्हणून हाती आलेल्या वस्तूला क्लोन हो असे सांगण्याची सोय नाही. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' मध्ये याचा चांगला समाचार घेतला आहे.

नियम सैल केला तर काय होते, हे पाहायला आयफेलकडे जावे लागते. बर्ट्रांड मायर यांची ही भाषा 1980 च्या दशकातली, आणि ॲक्सेसच्या बाबतीत तिच्याइतकी बारकाई मला दुसरीकडे दिसलेली नाही. तिथे एखादी मेथड कोणत्या क्लासना दाखवायची हे नावानिशी लिहिता येते. 'मंजूरकरा' फक्त 'मंडळअधिकारी' या क्लासला, इतक्या नेमकेपणाने. शिवाय वारस क्लासला ती यादी बदलता येते, अगदी कमीसुद्धा करता येते. मायर यांचे उदाहरण बहुभुजाचे आहे. बहुभुजात शिरोबिंदू जोडायची मेथड असते. आयत हा बहुभुजच, पण त्याला पाचवा कोपरा जोडला तर तो आयत उरत नाही. म्हणून आयतात ती मेथड बंद करायची. वाचताना मान डोलते. पण आयताला 'बहुभुज' या प्रकाराच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, की बंद केलेली मेथड हाकेला ओ देते आणि आयत मोडतो. अशा फसव्या हाकेला आयफेलच्या मंडळींनी कॅटकॉल असे नाव ठेवले आणि तिला आवर घालण्यासाठी एकामागून एक नियम सुचवले. मला वाटते, मायर यांना पडलेला प्रश्न खरा होता, पण उत्तर त्यांनी नको त्या ठिकाणी शोधले. वारसाने मिळालेली मेथड बंद करावीशी वाटते, तेव्हा वारसाच चुकीचा जोडलेला असतो. कोपरे वाढवता येणारा बहुभुज हा वेगळा इंटरफेस हवा होता, आणि आयताने तो घ्यायलाच नको होता. खातेदाराच्या हाती अख्खी नोंद देऊन मग 'मंजूरकरा' ला कुलूप लावत बसण्यापेक्षा त्याला 'उतारा' आणि 'पीकनोंद' एवढेच द्यावे, हे त्याच न्यायाने.

सी प्लस प्लसने हा पेच सोडवला नाही, उघड मान्य केला. तिथे पायाभूत क्लासमधली पब्लिक व्हर्च्युअल मेथड वारस क्लासने खुशाल प्रायव्हेटखाली लिहावी. कंपायलर हू की चू करत नाही. पायाभूत क्लासच्या पॉइंटरमधून हाक मारली तर ती प्रायव्हेट मेथड चालतेही. तपासणी होते ती कंपाइल करताना, हातातल्या नावाच्या प्रकारावरून. वस्तूला कोणी विचारत नाही. जावाकडून आलेल्या माणसाला हे अधर्म वाटते. पण यातूनच एक फार उपयोगी रीत निघाली, आणि हर्ब सटर यांनी 2001 मध्ये तिची ठाम बाजू मांडली. व्हर्च्युअल मेथड प्रायव्हेट ठेवा, आणि जगासाठी वेगळी, बदलता न येणारी पब्लिक मेथड द्या. आपल्या उदाहरणात 'मंजूरकरा' उघडी असेल. ती आधी नोटीस निघाली का, हरकतीची मुदत सरली का हे तपासेल आणि मगच आतल्या झाकलेल्या मेथडला कामाला लावेल. वारस क्लास आतले काम बदलू शकतो, तपासणी टाळू शकत नाही. वचनाची मेथड आणि कामाची मेथड वेगळ्या काढण्याची ही कल्पना कुठल्याही भाषेत उपयोगी पडते.

यानंतर सी शार्पचा मार्ग सोपा वाटेल. तिथे दोन वाटा आहेत. एक जावासारखी, पब्लिक मेथड लिहिण्याची. पब्लिक विसरलात तर सीएस 0737 हा एरर तुमची वाट पाहत असतो. दुसरी वाट अशी, की मेथडच्या नावाआधी इंटरफेसचे नाव लावायचे आणि मॉडिफायर मुळीच लिहायचा नाही. अशी मेथड क्लासच्या नावाने दिसत नाही. वस्तू इंटरफेसच्या नावाने धरली तरच दिसते. ॲक्सेस हा नजरेचा गुण आहे हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारी सोय विरळाच. तिची मुळे मागे जातात. व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये इंटरफेसची मेथड प्रायव्हेट म्हणूनच तयार होई. डेल्फीतही ती क्लासच्या प्रायव्हेट भागात ठेवता येते. डेल्फीचे प्रमुख रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग पुढे सी शार्पचेही झाले.

याच सोयीचा दुरुपयोग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या लायब्ररीत सापडतो. 'रीडओन्लीकलेक्शन' हा क्लास नावाप्रमाणे फक्त वाचण्यासाठी, पण तो ज्या इंटरफेसला बांधलेला आहे त्यात 'ॲड' ही मेथड आहे. मग ती इंटरफेसआड दडवली आणि कोणी हाक मारलीच तर 'नॉटसपोर्टेड' एक्सेप्शन फेकायचे ठरले. कंपायलरची परवानगी आहे, चालवल्यावर मात्र हात वर. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण आपल्या गावावरून पडली असली तरी तिचे खरे घर अशा लायब्ररीत आहे.

गो या भाषेने मॉडिफायरचे शब्दच काढून टाकले. नाव कॅपिटल अक्षराने सुरू झाले तर ते पॅकेजबाहेर दिसते, नाहीतर नाही. मराठी माणसाला इथे वेगळीच अडचण येते. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव तिथे व्याख्येनेच बाहेर दाखवता येत नाही. त्याच्याही आधीची अडचण अशी, की काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडमध्ये जोडचिन्हे आहेत आणि गोच्या नियमात नावात जोडचिन्ह बसत नाही, त्यामुळे 'दाखवा' हे नाव तिथे नावच ठरत नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचा उल्लेख करूनच ही मर्यादा मान्य केलेली आहे. ॲक्सेसचा नियम लिपीच्या घडणीवर टेकवला की कोण बाहेर राहतो याचे हे उदाहरण आपल्यासाठी तरी दुर्लक्षण्याजोगे नाही. जावात देवनागरी नावे चालतात, म्हणून या पुस्तकातली बरीचशी उदाहरणे त्या नावांनी लिहिली आहेत. रस्टमध्ये ट्रेटच्या, म्हणजे तिथल्या इंटरफेसच्या, मेथडला स्वतःची पातळीच नसते. ट्रेट जिथे दिसतो तिथे त्याच्या मेथड दिसतात. पायथनमध्ये नावाआधीची अधोरेषा ही विनंती आहे, नियम नव्हे.

आतापर्यंत प्रश्न होता हाक मारण्याचा. गेल्या काही वर्षांत दुसरा प्रश्न पुढे आला आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. इंटरफेस इंप्लिमेंट करण्याची परवानगी कोणाला? सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा माहितीपुरता असतो. 15 रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा बँकेत, कोर्टात चालतो. पाहण्याची मुभा सर्वांना आहे, स्वाक्षरीनिशी देण्याचा अधिकार मोजक्यांना. जुन्या भाषांत हा फरक सांगायला जागा नव्हती. इंटरफेस पब्लिक केला, की वापरायलाही पब्लिक आणि इंप्लिमेंट करायलाही. स्विफ्टने 2016 मध्ये क्लाससाठी पब्लिक आणि ओपन असे दोन शब्द केले: पहिला मॉड्यूलबाहेर वापरायला, दुसरा बाहेरून वारसा घ्यायला. जावा 17 मध्ये, सप्टेंबर 2021 ला, सील्ड इंटरफेस कायम झाले. इंटरफेसने आपल्या इंप्लिमेंट करणाऱ्यांची यादी स्वतःच जाहीर करायची. गोमध्ये इंटरफेसात एखादी लहान अक्षराची मेथड घातली, की बाहेरच्या पॅकेजला ती स्वतः लिहून तो पुरा करता येत नाही.

इंटरफेसच्या आत काय झाकायचे हा प्रश्नही उशिराने आला. आधी त्याच्या आत झाकण्यासारखे काही नव्हतेच. मार्च 2014 मध्ये जावा 8 ने डीफॉल्ट मेथड आणल्या, म्हणजे इंटरफेसातच काम लिहायची मुभा दिली, आणि जुने क्लास न मोडता जुन्या इंटरफेसात नव्या मेथड घालता येऊ लागल्या. लगेच पुढची अडचण उभी राहिली. दोन डीफॉल्ट मेथडमधला समान भाग वेगळा काढला, तर तोही पब्लिक होऊन बसे. जावा 9 ने 2017 मध्ये इंटरफेसात प्रायव्हेट मेथड दिल्या, पण प्रोटेक्टेड दिल्या नाहीत. सी शार्प 8 ने 2019 मध्ये प्रोटेक्टेडसकट बहुतेक सगळे दिले. लिंटन यांचा अनुभव आठवला तर जावाचा हात आखडता होता तेच बरे, असे मी म्हणेन. पण याला दुसरी बाजू आहे आणि पाचव्या प्रकरणात ती पुरती मांडली आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकायला हवा, कारण मुलाखतींतही तो ऐकू येतो. प्रायव्हेट म्हणजे सुरक्षा नव्हे. तलाठ्याला 'मंजूरकरा' न दिसण्यामागे त्याने कोणत्या नावाने लॉगिन केले, हे कारण असते. ते प्रोग्राम चालू असताना ठरते आणि तपासावेच लागते. भाषेतला ॲक्सेस ठरतो तो हाक मारणारी ओळ कुठल्या फाइलमध्ये लिहिली यावरून, आणि ती लिहिणारे तर तुम्हीच असता. जावात रिफ्लेक्शन वापरून 'सेटॲक्सेसिबल' म्हटले की प्रायव्हेट मेथडही बऱ्याचदा चालते. जावाच्या आपल्या आतल्या भागांपुरती ही पळवाट 16 आणि 17 या आवृत्त्यांत बरीच बुजवली गेली. तुमच्या क्लासपुरती, मॉड्यूलची भिंत नसेल तर, ती आजही उघडी आहे. 'प्रमाणन' हा इंटरफेस खातेदाराच्या स्क्रीनमागच्या कोडला दिला नाही, म्हणून सर्व्हरवर अधिकार तपासण्याचे काम टळत नाही. ॲक्सेसची पातळी सहकाऱ्याच्या अनवधानापासून वाचवते, चोरापासून नाही. चोराचा बंदोबस्त हे वेगळे शास्त्र आहे आणि त्यावर या पुस्तकात एकही प्रकरण नाही.

वाचण्याच्या क्रमाविषयी थोडे. पहिली तीन प्रकरणे जावाची आहेत आणि ज्यांची परीक्षा तोंडावर आहे त्यांना तेवढी पुरतील. चौथे प्रकरण सी शार्पचे; ते जावा येत असल्याचे धरून चालते. आयफेलचे प्रकरण पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल, पण दुसऱ्या वाचनात सोडू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा 8 असेल तर इंटरफेसातल्या प्रायव्हेट मेथडची आणि सील्डची उदाहरणे चालणार नाहीत. 17 किंवा पुढची आवृत्ती घरून पेनड्राइव्हवर न्या. मोबाईलवरच्या ऑनलाइन कंपायलरवर बहुतेक उदाहरणे चालतात. पॅकेजपुरत्या ॲक्सेसच्या उदाहरणांना मात्र दोन वेगळे फोल्डर लागतात, ती संगणकावरच करा. प्रत्येक उदाहरण आधी जसे दिले आहे तसे चालवा, मग त्यातला एक मॉडिफायर काढा किंवा बदला, आणि कंपायलर काय म्हणेल ते चालवण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा. अंदाज कुठे चुकला ते पाहून त्या प्रकरणाच्या शेवटचे टिपण वाचा. टिपणे त्याच चुकांच्या क्रमाने लावली आहेत.